नावेतली पेटी

रामहरीला एका जागी बसवणं हे कुणा माणसाचं काम नव्हतं. जेवायला बसला तरी एक गुडघा उभा, आणि तो गुडघा सारखा हलत असायचा. ताटातल्या आमटीवर तरंग उठायचे. त्याची बायको वच्छला म्हणायची, "अवं, ताटाला हींव भरलंय का? जरा गुडघा धरा की." रामहरी गुडघा धरायचा. मग बोटं हलायला लागायची.

दोष सगळा कानाचा. तुमच्याआमच्या कानाला आतून एक कडी असते, नको ते आत येत नाही. ह्याच्या कानाला कडीच नव्हती. शेजारच्या विणकराचा धोटा कुठं अडखळला, रस्त्यानं चाललेल्या गाडीचं कुठलं चाक कोरडं पडलंय, कुणाच्या घागरीला चीर गेलीय, सगळं ह्याला कळायचं, आणि कळलं की स्वस्थ बसवायचं नाही. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की सगळं सोलापूर डोळे चोळत कामाला लागायचं. रामहरी मात्र अंथरुणात उठून बसायचा आणि कळवळून म्हणायचा, "ना काळी एक, ना पांढरी दोन! मधीच कुटंतरी लोंबतंय बघ!" अहो, भोंगा तो! त्याला कसली आलीय पट्टी? पण हे ह्याला सांगणार कोण?

टेंभुर्णीच्या सुताराचा हा मुलगा. बाप तिफणी करायचा, गाडीची चाकं करायचा, ह्यानंही तेच करायचं असं ठरलेलं होतं. पण एकदा एका नाटकमंडळीची गाडी गावाबाहेर कलंडली आणि त्यांची बाजाची पेटी फुटली. ती सांधायला बापाकडं आली. बापानं लाकूड झकास सांधलं. पोरानं भाता हलवला, कान लावला आणि म्हणाला, "आबा, हवा धरत न्हाय ही. हितनं निसटतीय." आणि बोट ठेवून जागा दाखवली. मंडळीच्या मालकानं पोराकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि पेटीबरोबर पोरालाही घेऊन गेला. बाप पुढं वर्षभर शिव्या मोजत बसला होता म्हणतात.

त्या काळी पेटी म्हटलं की एकच, बाजाची. रामहरीनं आयुष्यभर पेट्याच केल्या. भाते चढवले, सूर, म्हणजे आतल्या पितळेच्या पट्ट्या, कानशीनं घासून जाग्यावर आणले, गावोगाव मंडळीबरोबर फिरला. स्वतः वाजवायचा बेताचाच, पण फुंकर घातल्यासारखी बारीक गळती असली तरी ह्याच्या कानातून सुटायची नाही. सोलापुरात मंडळीचा मुक्काम असताना वच्छलाशी लग्न झालं आणि मग बाळीवेशीत घर करून राहिला. "पेटीवाले कुठं राहतात?" असं कुणी विचारलं तर पानपट्टीवाल्यापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळे एकाच दाराकडं बोट करायचे.

आणि मग आले बोलपट. जिथं नाटकं व्हायची तिथं पांढरा पडदा लागला, आणि गाणारी माणसं त्या पडद्यावरच गायला लागली. वर्षादोन वर्षांत मंडळ्या बसल्या. ह्याचीही बसली, नेमकी सोलापुरातच. राहिली ती घरातली एक पेटी, रामहरीनं स्वतः केलेली. तिचे सूर जर्मनीचे, एकेक जमवलेले. भात्याला कोवळ्या बोकडाचं कातडं, तेल पाजून पाजून लोण्यासारखं मऊ केलेलं. ती विकायची नाही हे घरात कधी बोललं गेलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. संध्याकाळी वच्छला दिवा लावून एखादा अभंग म्हणायची आणि हा नुसता एक सूर धरून भाता हलवत बसायचा. तेवढ्या वेळात त्याचा गुडघा शांत असायचा.

पण सुरावर चूल पेटत नाही. वच्छलाचा थोरला भाऊ रावजी गिरणीत मागखात्यावर जॉबर, म्हणजे मुकादम होता. तो दर चार दिवसांनी येऊन दारातूनच ओरडायचा. ओरडायचा म्हणजे रागानं नव्हे. त्याचं बोलणंच तसं झालं होतं. शेकडो माग एकदम खडखडतात त्या खात्यात वर्षं काढलेली, कान गेलेले. समोरच्याच्या ओठांकडं बघून तो उत्तरं द्यायचा.

"दाजी!" तो परवा आला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "सोमवारी भोंग्याला गेटावर या. तुमच्यासाठी जागा धरून ठिवलीय. सोमवार हुकला की दुसरा घुसंल, मग मला बोल लावू नका!"

रामहरीनं त्याच्याकडं बघितलं. रावजीच्या डाव्या कानात कापसाचा बोळा होता. त्या बोळ्यावरून रामहरीची नजर हलेना.

"येतील, दादा," वच्छला म्हणाली. रावजीला ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं मान हलवून दाखवली. तो गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्यावर डोळं वटारू नका. पीठ संपलंय. कान घिऊन काय चाटायचेत?" बोलली आणि लगेच तिला वाईट वाटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. पण शब्द मागं घेतला नाही. घेणार तरी कसा? डबा खरंच रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी दारात बिरप्पा उभा. हा हिप्परग्याच्या तलावावरचा नावाडी. तिथं एका गिरणीच्या साहेबानं हौसेनं मोठी नाव बांधून घेतली होती. वर छप्पर, वेताच्या खुर्च्या, मागं स्वयंपाकाची एवढीशी खोली. रविवारी साहेबाचे पाहुणे येऊन त्या नावेतून बदकं मारत हिंडायचे. बिरप्पा ती हाकायचा.

"पेटीवालं तुमीच न्हवं?" बिरप्पा म्हणाला. "चला. सायबाच्या नावंतली पेटी खलास झालीया. हवा धरंना. आईतवारच्या आत चांगली पेटी बसवून पायजे. लई मोठं पाव्हणं येणार हायती."

रामहरी उभा राहिला. "हवा धरंना? भाता गेला आसंल!"

"त्ये काय आपल्याला म्हाईत न्हाय. दस्तगीरभाई म्हनला, पेटीवाल्याला आण."

साहेब नावेत गाणंबजावणं करतो! रामहरीच्या अंगात वारं शिरलं. त्यानं पिशवीत कातड्याचे तुकडे टाकले, सरस टाकला, कानशी, पेचकस, डाख लावायची सळई टाकली. "बघ," तो वच्छलाला म्हणाला, "सायबाचं काम एकदा झालं की त्याच्या वळखीनं धा कामं येतात. मग कशाला पायजे गिरणी?" वच्छला दारापर्यंत आली.

आता पुढचं तुमच्या ध्यानात आलंच असेल. रामहरीच्या आलं नाही, कारण पेटी म्हणजे पेटी.

नावेवर दस्तगीर खानसामा वाट बघत होता. गोल अंगाचा, घामाघूम, बोलायला फटकळ. त्यानं रामहरीला त्या स्वयंपाकाच्या खोलीत ढकललं. ढकलायलाच हवं होतं, कारण दोन माणसं आत मावत नव्हती. एक आत गेला की दुसऱ्यानं दारातून बोलायचं. कोपऱ्यात एक सागवानी कपाट होतं, खालून कुजलेलं, आणि त्यातून पाणी गळत होतं.

"ये देखो," दस्तगीर म्हणाला. "बर्फ रखा तो दोपहर तक पानी. गरम हवा अंदर घुसतीच. मक्खन पिघल्या, गोश्त बिगड्या. साब मेरे कू गाली देते जी!"

रामहरीनं खोलीत इकडं तिकडं बघितलं. "आणि पेटी कुटाय?"

"अब्बा! आँखों के सामने है ना!"

बर्फाची पेटी! आतून जस्ताचा पत्रा, बाहेरून सागवान, मधे भुसा. वरच्या कप्प्यात बर्फाची लादी ठेवायची, खाली साहेबाचं लोणी, मटण आणि सोड्याच्या बाटल्या. रामहरीनं असली पेटी जन्मात बघितली नव्हती. तोंड उघडून "मी तो पेटीवाला न्हवं" एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंसुद्धा. तेवढ्यात दुपारपाळीचा भोंगा झाला. सोलापूर तिथून चांगलं लांब, पण वाऱ्यावर त्याचा आवाज आलाच, तसाच मधे कुठंतरी लोंबत. रामहरीला रावजीच्या कानातला बोळा दिसला.

"व्हय," तो म्हणाला, "हवाच धरत न्हाय ही."

गप्प बसून खोटं बोलणं म्हणतात ते हेच. पण उपाशी माणसाला आपण कुठल्या तोंडानं बोलायचं?

नवी पेटी मुंबईहून आलेली होती. ती काठावर लिंबाखाली गोणपाटात गुंडाळून पडली होती. का, तर ती खोलीच्या दारातून जातच नव्हती! जुनी पेटी नाव बांधतानाच आत ठेवून मग भोवती भिंती उभ्या केलेल्या; नवीचा असा विचार कुणी केलाच नव्हता. दोन सुतार येऊन म्हणून गेले होते, भिंत फोडावी लागेल. साहेब म्हणाला होता, भिंतीला हात लावाल तर याद राखा.

रामहरीनं जुनी पेटी कुऱ्हाडीनं तुकडे करून बाहेर काढली. मग नवीचे पेच सोडवायला बसला. दस्तगीरनं कपाळावर हात मारला. "अरे, नयी चीज है, तोड़ते क्या!"

"तोडत न्हाय, सोडतोय. पेटी प्रवासाला न्यायची तर सोडून न्यावी लागती, तितं गेल्यावर जोडायची." हे त्यानं बाजाच्या पेटीबद्दल सांगितलं. दस्तगीरला ते बर्फाच्या पेटीबद्दल वाटलं. दोघांचंही समाधान झालं.

फळ्या एकेक करून आत गेल्या. जस्ताचं अस्तर मात्र अखंड होतं, ते कापावं लागलं. आत नेऊन पुन्हा कथलाचा डाख देऊन सांधावं लागलं. बाहेर बसून हे काम करायला जागाच नव्हती, म्हणून रामहरी त्या अर्ध्या पेटीतच शिरून बसला. गुडघे हनुवटीला, मान वाकडी, हातात तापलेली सळई. ज्याला ताटावर धड बसवत नव्हतं तो माणूस! वारा आला की नाव डुलायची, सळई भलत्याच जागी लागायची, बोट भाजायचं. पाय पसरावा तर पत्र्याला लागे, उठावं तर डोकं आपटे. आतल्या आत त्याचा जीव तगमगत होता. पुन्हापुन्हा मनात यायचं, उठावं, काठावर उडी टाकावी आणि पळावं. मग सोमवार आठवायचा आणि तो पुढचा सांधा धरायचा.

आणि त्यात ती शीळ. पेटीच्या तळाला एक बारीक भोक होतं. वारा सुटला की तिथून सी सी करून हवा आत यायची. रामहरीच्या कानाला ते सहन होईना. दिवसभर त्यानं ऐकलं. शेवटी कातड्याची चकती कापली, सरस लावला, वर डाख ओतला आणि भोक बंद करून टाकलं. शीळ थांबली. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं. भोक दिसलं की बुजवायचं. दाराच्या कडांना मोच्याकडचं जाड कातडं चिकटवून त्यानं दार लावलं, ते खप् करून बसलं. शुक्रवारी संध्याकाळी दस्तगीरनं टेशनाकडच्या कारखान्यातून बर्फाची लादी आणून आत ठेवली, लोण्याचा डबा ठेवला, मच्छी ठेवली.

शनिवारी सकाळी दार उघडलं आणि खानसाम्याच्या विजारीवर पाण्याचा लोंढा आला. वितळलेलं पाणी जाणार कुठं? खालचा कप्पा विहिरीसारखा भरलेला. लोण्याचा डबा तरंगतोय, मेलेली मच्छी पुन्हा पोहतेय! दाराचं कातडं भिजून, गारठून लाकडासारखं कडक झालेलं आणि कडेनं बोट जाईल एवढी फट.

"पानी का सुराख किधर गया?" दस्तगीर ओरडला.

"कसला सुराख?"

"नीचे था ना, पानी जाने कू!"

रामहरीचं तोंड उतरलं. "ते व्हय... ते मी बुजवलं. शीळ घालत होतं."

दस्तगीरनं ओली विजार झटकली. "तुम कैसे पेटीवाले जी?"

आता लपवण्यात काय राहिलं होतं? "बाजाच्या पेटीचा," रामहरी म्हणाला, आणि खाली बसला.

दस्तगीर शिव्या देईल, हाकलेल, असं त्याला वाटलं होतं. तो माणूस आधी नुसता हसला. पोट धरधरून हसला. मग हसता हसता एकदम थांबला. "कल इतवार है," तो म्हणाला. "साब मेरी नौकरी खा जाएगा. बीस बरस का चूल्हा है मेरा." त्यानं रामहरीच्या दंडाला धरलं. "बाजे का हो या बर्फ का, अब तुमीच करो. दूसरा कौन है?"

रामहरी बसल्या जागी विचार करू लागला. भोक उघडं ठेवावं तर हवा आत येते. बंद करावं तर पाणी साचतं. पाणी बाहेर जावं आणि हवा आत येऊ नये... आणि एकदम तो उठला, डोकं छपराला आपटलं. अहो, हेच तर भात्याच्या पोटात असतं! कातड्याची झडप. हवा एका बाजूनं जाऊ देते, उलटी येऊ देत नाही. झडप बसवली की झालं! पण तिला कातडं हवं पाकळीइतकं हलकं, भिजलं तरी मऊ राहणारं, वर्षानुवर्षं तेल प्यालेलं. दाराच्या कडेलाही तसलंच. असलं कातडं सोलापूरच्या बाजारात नव्हतं. होतं ते एकाच ठिकाणी, आणि ते कुठं हे त्याला माहीत होतं. त्यानं बिरप्पाला म्हटलं, "गाडी जुंप."

वच्छला अंगणात धुणं वाळत घालत होती. ती घरात आली तेव्हा नवरा पेटी समोर घेऊन बसलेला. वरची फळी काढलेली, सूर काढून फडक्यावर ओळीनं मांडलेले, आणि भाता उघडा पडलेला. हातात सुरी.

तिच्या हातातलं ओलं लुगडं खाली पडलं. "अवं, हे काय?"

त्यानं सांगितलं. सगळंच सांगितलं, भोक बुजवल्याचंसुद्धा.

"न्हाई," वच्छला म्हणाली. "दुसरं काय बी कापा. माझं अंथरूण कापा. ही न्हाई." आणि ती येऊन पेटीजवळ बसली, दोन्ही हात भात्यावर ठेवून. कालपरवा कान चाटायचेत का म्हणणारी ती हीच बरं का. "सोमवारी जावा गिरणीत. मीच म्हणते, जावा. पण हिला हात लावू नका."

"गिरणीत गेलो तर ही ऱ्हाईल," रामहरी म्हणाला. "पण मग हिला ऐकणार कोण? रावजीदादाला तू मान हलवून दाखवतीस. उद्या मला बी तशीच दाखवशील. तू म्हणशील, मी तुझ्या ओठांकडं बघत बसीन." "वच्छे, पेटी पुन्हा करता यील. कान कुटनं आणू?"

तिच्या डोळ्यांतलं पाणी भात्यावर पडलं आणि कातड्यावरून ओघळून गेलं. एवढं तेल प्यालेलं ते. मग तिनं पदरानं ते पुसलं, कातड्याची एक कड चिमटीत घेतली आणि ताणून धरली.

"धरलंय," ती म्हणाली. "वाकडं कापू नका."

त्यानं कापलं. एकही घडी फाटू न देता सगळं कातडं सोडवलं. सूर फडक्यात बांधून वच्छलानं ती पुरचुंडी देवाच्या फळीवर ठेवली.

दिवस मावळायच्या आत रामहरी पुन्हा त्या पेटीच्या पोटात गुडघे मुडपून बसला होता. भोक उघडलं, खालून झडप बसवली, दाराच्या चारी कडांना भात्याचं कातडं लावलं. दस्तगीरनं नवी लादी ठेवली. दोघं दाराशी कान लावून बसले. बराच वेळ काही नाही. मग आत पाणी गोळा झालं, झडप उघडली, थोडं पाणी खाली गेलं, आणि कातडं हलकेच फट् करून मिटलं. वारा आला. शीळ आली नाही.

"सुन्या क्या?" दस्तगीर कुजबुजला.

रामहरीनं ऐकलं होतं. त्याच्या पेटीच्या भात्यातून रोज संध्याकाळी जो आवाज यायचा, तोच होता तो. दस्तगीर आनंदानं त्याच्या पाठीवर थापा मारत होता आणि रामहरीला मात्र रडू येत होतं.

रविवारी साहेब आला, पाहुणे आले, नाव तलावात गेली. रामहरीला काठावर थांबायचं काही कारण नव्हतं, पण घरी थांबणंही त्याच्यानं झालं नाही. दिवसभर तो लिंबाखाली येरझाऱ्या घालत होता. बसला, उठला, पाण्यापर्यंत गेला, परत आला. बंदुकीचा बार झाला की दचकायचा. पाण्यावरून हसण्याखिदळण्याचे आवाज आले की म्हणायचा, हसतायत म्हणजे सोडा गार असणार. गप्प झाले की म्हणायचा, संपलं, लोणी वितळलं! ऊन उतरल्यावर नाव वळली. मागच्या बाजूला दस्तगीर उभा होता आणि त्यानं एक हात वर धरला होता. त्या हातात बर्फाचा तुकडा होता, चांगला नारळाएवढा. उन्हात तो लखलखत होता.

तो तुकडा दस्तगीरनं त्यालाच देऊन टाकला. रामहरीनं तो ओल्या पटक्यात बांधून घरी नेला. जाईपर्यंत लिंबाएवढा उरला. वच्छलानं तो तळहातावर घेतला, संपेपर्यंत घेऊन बसली.

सोमवारी भोंगा झाला. रामहरी जागाच होता. ना काळी एक, ना पांढरी दोन. तो उठून बसला, आणि तसाच बसून राहिला.

साहेबानं त्याला कधी बघितलंही नाही. पण दस्तगीरची जीभ मोठी. त्यानं सगळ्या खानसाम्यांना सांगितलं, त्यांनी आपापल्या साहेबांना. मग एका डॉक्टरला औषधांसाठी पेटी हवी झाली, मग सोडावॉटरच्या दुकानाला, मग हॉटेलवाल्यांना. रामहरीच्या अंगणात जस्ताचे पत्रे आले, भुश्याची पोती आली. पिठाचा डबा भरला. मऊ कातडं कसं तयार करायचं हे त्याला ठाऊक होतंच, तो ते करायचा आणि सगळं दारांच्या कडांना लागून जायचं. स्वतःचा भाता पुन्हा चढवायचा म्हणून दरवेळी एक तुकडा बाजूला ठेवायचा, आणि दरवेळी कुणाचं तरी निकडीचं काम निघायचं. संध्याकाळी वच्छला अभंग म्हणायची तो नुसताच. हा पत्रे ठोकत असायचा. बाळीवेशीत अजून त्याला पेटीवालेच म्हणत होते.

अशी दोनेक वर्षं गेली असतील. एका दुपारी मंगळवेढ्याकडचे एक भजनीबुवा धापा टाकत अंगणात आले. डोक्यावर चादरीत बांधलेलं ओझं.

"पेटीवालं हायत का?" बुवा म्हणाले. "पेटी हवा धरत न्हाय बगा आमची."

रामहरी पत्र्याला डाख देत होता. मान खालीच होती. तो म्हणाला, "कोणची?"

बुवा गोंधळले. "कोणची म्हंजी?"

रामहरीच्या हातातली सळई थांबली. आपण काय विचारलं ते त्याचं त्यालाच ऐकू गेलं होतं. ह्या माणसाला जन्मात कधी हा प्रश्न विचारावा लागला नव्हता. त्याला मान वर करवेना. सळईखालचा डाख पसरत गेला आणि पत्रा बिघडला, तरी तो हलला नाही.

घरात भांड्यांचा आवाज बंद पडला. वच्छला उंबऱ्यावर आली. तिनं बुवांच्या डोक्यावरच्या ओझ्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं.

"आपली," ती म्हणाली. "आपली पेटी हाय. हात धुवा आधी."

रामहरीनं हात धुतले. बुवांनी चादर सोडून पेटी ओसरीवर ठेवली. तो तिच्यापुढं मांडी घालून बसला, भाता ओढला, आणि डोळे मिटून कान लावला. हवा कुठून निसटतेय ते त्याला लगेच कळलं. वच्छला देवाच्या फळीवरची सुरांची पुरचुंडी काढायला आत गेली होती.